चौदा मेचं वाचन

२१ एप्रिल १९८१, मंगळवार

फर्डिनंड येऊन गेला. चपला बाहेर काढ, म्हणून सांगावं लागलं. तिसरीत होता तेव्हाही सांगत होते. आता बँकेत आहे, दोन मुलांचा बाप आहे – तरी सांगावंच लागतं.

काम असं. चर्चच्या मैदानाच्या तोंडाशी संगमरवरी पाटी बसवायची आहे. आपल्या भागातले जे कोणी लढाईवर गेले त्यांची नावं. कमिटीने ठरवलंय. सतरा मेला, रविवारी, मिस्सा झाल्यावर अनावरण. पडदा सेलिन वहिनी बाजूला करणार. नावं गोळा करायचं काम माझ्याकडे. निवृत्त झालेल्या बाईकडे वेळच वेळ असतो, असा सगळ्यांचा समज आहे.

मी म्हटलं, फक्त आपल्या पॅरिशची माणसं घालायची असतील तर मी नाही. खाडीकडच्या गावांतलेही गेले होते, ती नावं पण हवीत. कमिटीला विचारतो म्हणाला. विचारू नकोस, सांग, म्हटलं.

मग जाता जाता म्हणाला, "टीचर, वर ते वाक्य घालूया. तुम्ही दर पंधरा ऑगस्टला सांगायचात ते. अख्ख्या शाळेला पाठ होतं." आणि हात मागे बांधून उभा राहून म्हणून दाखवलं – 'माझी काळजी करू नका. मी इथे आनंदात आहे. काम पुरं झाल्याशिवाय परतणार नाही.' खाली ॲन्सेल्मचं नाव घालायचं.

मी हो म्हटलं. विचार न करता.

२२ एप्रिल

ते वाक्य ॲन्सेल्मचं नाही. माझं आहे.

एवढं लिहायला सदतीस वर्षं लागली.

२४ एप्रिल

लिहायला घेतलंच आहे तर नीट लिहावं. अर्धवट काही केलेलं मला आवडत नाही.

ॲन्सेल्म माझा थोरला भाऊ. माझ्याहून सात वर्षांनी मोठा. चाळीस साली सेलिनशी लग्न झालं, एक्केचाळीसला मिलिटरीत ट्रकवर ड्रायव्हर म्हणून गेला. आधी इराक, मग इटली. चव्वेचाळीसच्या चौदा मेला एका नदीच्या काठी त्याचा ट्रक सुरुंगावर गेला. तिथेच पुरलंय. आम्ही कुणी पाहिलेलं नाही.

त्याची एकूण पाच पत्रं आली. पप्पांना वाचता येत नव्हतं, आईला नाही, वहिनीलाही नाही. मी मुंबईत कॉलेजात. पत्र आलं की ते आईच्या पेटीत ठेवायचे आणि शनिवारी मी घरी आले की ओट्यावर सगळे जमायचे. शेजारपाजारचे पण. मी उभी राहून वाचायची. मला त्यात मजा वाटायची, खोटं कशाला बोलू?

पाचवं पत्र जानेवारीत वाचलं. चव्वेचाळीसचा जानेवारी. चार ओळी वाचल्या आणि डोळे पुढे गेले. पुढे जे लिहिलं होतं ते मी वाचलंच नाही. तोंडाने दुसरंच बोलत गेले. आनंदात आहे. काम पुरं झाल्याशिवाय परतणार नाही. पप्पांनी छाती पुढे काढली. शेजारचा कोणीतरी शाबास म्हणाला.

त्याने घरी बोलवा म्हणून लिहिलं होतं.

पुढचं आज नको.

२६ एप्रिल, रविवार

वहिनीने सुकेळी घातली. राजेळी पिकली होती, शुक्रवारी सोलली, कालपासून उन्हात. मांडवावर चटई, चटईवर ओळीने केळी. संध्याकाळी गोळा करून पानात गुंडाळायची, सकाळी परत पसरायची, असं सहा-सात दिवस. मग मधासारखा रंग येतो. तिच्या हातची सुकेळी अजून वसईच्या बाजारात लोक विचारत येतात.

मी कावळे राखायला बसले. म्हणाली, "तुला शाळेतली पोरं घाबरायची, कावळे नाय घाबरत." खरं आहे. एक केळं पळवलंच.

लहानपणी हे काम आमचं – माझं आणि ॲन्सेल्मचं. सगळा मे महिना. तो पपईच्या देठाची पिपाणी करायचा आणि फुंकायचा. तिचा आवाज ऐकून कावळेच काय, पलीकडची गुरंसुद्धा उठायची. आळीतली सहा-सात पोरं जमवून त्यांची कवायत घ्यायचा. खांद्यावर केळीची दांडी. मी सगळ्यांत लहान, म्हणून मी शेवटची. पाऊल चुकलं की मला पुन्हा पहिल्यापासून चालायला लावायचा, पण ओरडायचा नाही. स्वतः बाजूने चालायचा.

पोहायला त्यानेच शिकवलं. घरामागच्या बावखलात – उन्हाळ्यातही आटत नसे, पाणी गोड. केळीचा खांब पोटाखाली द्यायचा आणि म्हणायचा, "सोड. मी आहे." मी सोडत नसे. तो वाट बघायचा. पाण्यात उभा राहून अर्धा अर्धा तास. ओठ निळे पडेपर्यंत. एकदाही त्याने खांब ओढून घेतला नाही.

आता त्या बावखलात बिल्डरचे ट्रक माती टाकतात. निम्मं भरलं. मी अर्ज केला, उत्तर नाही.

वाट बघायची त्याला सवय होती. हे कुठून सुचलं, आणि का लिहिलं!

२८ एप्रिल

नावं – पहिल्या लढाईतले दोन, दुसऱ्या लढाईतले सात, एकाहत्तरचा एक. चांदीपला एकजण अजून जिवंत आहे म्हणतात. बळीराम नावाचा. ड्रायव्हरच होता. जाऊन बघावं लागेल.

२ मे, शनिवार

वहिनीला पेन्शनसाठी पोस्टात नेलं. पूर्वी अंगठा द्यायची, आता सही करते. सेलिन – तीन अक्षरांना दोन मिनिटं. मागे रांग. पोस्टमास्तर म्हणाला, "आजी, सावकाश." ती म्हणाली, "सावकाशच करते. घाईत शिकले नाय."

एकोणऐंशी साली सुझानने कॉन्व्हेंटच्या ओट्यावर मोठ्या बायकांचा वर्ग काढला होता. सुझान माझीच विद्यार्थिनी. वहिनी दुपारची जायची, पदराखाली पाटी लपवून. मी म्हटलं होतं, ह्या वयात पाटी घेऊन काय दिवे लावणार? म्हणाली, सहीपुरतं. एवढी वर्षं एका घरात राहिलो, मी शेकडो पोरींना शिकवलं, तिला कधी शिकवलं नाही. तिने विचारलं नाही, मी म्हटलं नाही.

का म्हटलं नाही ते मला माहीत आहे. पत्रं तिच्याच डब्यात असतात.

येताना तिला फर्डिनंडच्या पाटीचं सांगितलं. कुठलं वाक्य घालणार तेही. एवढे दिवस टाळलं होतं. ती बाजारातल्या मिरच्या निवडत होती. तशीच निवडत राहिली. मग म्हणाली, "कोरून झालं काय?" म्हटलं, माहीत नाही. "बरं," म्हणाली.

३ मे, रविवार

मिस्सानंतर एस.टी.ने चांदीपला गेले. ऊन मरणाचं. बळीरामचं घर शेताच्या कडेला. तो खाटेवर बसलेला, गुडघे गेलेत. बायको बायजा, तिने आधी पाणी दिलं, मग नाव विचारलं. ॲन्सेल्मची बहीण म्हटल्यावर तो उठून उभाच राहिला. कसाबसा, काठीवर.

दोघं एका कंपनीत होते. शेवटपर्यंत. मला हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं हा माणूस बारा मैलांवर राहतो आणि मला माहीत नाही! त्याला आमचं गाव माहीत होतं. आलात का नाही, म्हटलं. म्हणाला, "काय तोंड घेऊन येनार? मी आलो, तो नाय आला."

मग सांगायला लागला. मी थांबवू शकले असते. थांबवलं नाही.

"तुमच्या भावासारका ड्रायवर कंपनीत नव्हता बाई. पन शेवटीशेवटी हात कापायचे त्याचे. स्टेरिंगवर. त्याच्या म्होरची गाडी उडाली ना, तवापासून. झोप नाय. साहेब चांगला होता. म्हनाला, घरून कागद आनव, बाप आजारी हाय, वाडी बघायला कोन नाय, वर तुमच्या पाद्रीची सही. मंग तुला देवळालीला धाडतो. त्याने लिवला घरी. मंग रोज टपाल इचारायचा. रोज. पानी प्यायच्या आधी टपाल. मला बोलायचा, बहीन शिकलेली हाय माजी, कागद असा लिवल की साहेब बघत राहील."

मी पाण्याचा पेला रिकामा केला.

बायजा म्हणाली, "आला नाय वाटतं कागद."

"लढाईत टपाल लय हरवायचा," बळीराम म्हणाला. मला समजवल्यासारखं. माझीच समजूत घालत होता तो! मी म्हटलं, असेल.

सतरा तारखेला येणार म्हणतो. नातू आणील. "वहिनीला भेटायचं हाय. तो तिच्याबद्दल काय काय बोलायचा ते कोनतरी तिला सांगाया पायजे. मी मेलो तर कोन सांगनार?"

येऊ नका कसं म्हणणार? नाव लिहून घेतलं. गाव – चांदीप. अक्षर वाईट आलं.

४ मे

ते पत्र मला अजून पाठ आहे. दोन्ही पाठ आहेत – त्याचं आणि माझं. त्याचं इथे लिहून ठेवते. एकदा तरी कागदावर दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्या हाताने उतरावं.

पहिल्या चार ओळी नमस्काराच्या. मग –

'पप्पा, मला आता गाडी चालवत नाही. हात थांबत नाहीत. साहेब म्हणतात घरून अर्ज आला, फादरची सही असली, तर देवळालीला बदली होईल. अर्ज लवकर पाठवा. सुकेळी पोचली नाही, वाटेत कुणी खाल्ली असेल, आता पाठवू नका. सेलिनला सांगा मी येतो. उर्सुला, हे तू नीट वाचून दाखव, आणि अर्ज तूच लिही.'

पप्पा तसेच अनवाणी फादरकडे पळाले असते. एका तासात सही आली असती.

मी मनाला काय सांगितलं? की भाऊ भित्रा निघाला हे आळीसमोर कसं वाचायचं. शेजारी बसलेत. पप्पा दर मिस्साला मान वर करून चालतात. घरच्यांना मागाहून, आतल्या खोलीत सांगू. आतल्या खोलीत गेले तेव्हा आई रडत होती, आनंदाने. सोमवारी कॉलेज. मार्चमध्ये बी.ए.ची परीक्षा. पुढच्या शनिवारी सांगू. त्याच्या पुढच्या.

आणि हेही लिहिते, कारण आज नाही तर कधीच नाही – त्याच्या पगारातून माझी फी जात होती. तो देवळालीला आला असता, मग घरी, तर परीक्षेचं काय? हा विचार मनात आला होता. क्षणभर. पण आला होता.

मार्चमध्ये परीक्षा दिली. सेकंड क्लास. जूनच्या सुरुवातीला तार आली. तारही मीच वाचली. ती बरोबर वाचली.

५ मे

आणि सुकेळी! तीही माझीच. त्याने लिहिलं पोचली नाही. मी वाचलं – 'सुकेळी मिळाली, सगळ्या कंपनीने वाटून खाल्ली, साहेबांनीसुद्धा.' वहिनीचा चेहरा असा फुलला होता.

त्या एका वाक्यावर ती दर मेमध्ये मोठं पुडकं बांधायची. केळीच्या वाळक्या सोपात, वरून दोरी. आळीतला, ओळखीचा कुणी फौजेत असला की त्याच्या हाती, नाहीतर फादरना सांगून देवळालीच्या हॉस्पिटलात. तिथल्या सैनिकांना. पस्तीस वर्षं. पासष्टला दोन पुडकी, एकाहत्तरला पाच.

गेल्या वर्षी पाठवली नाही. यंदाही मोठं पुडकं दिसत नाही. विचारलं तर म्हणाली, "आता नाय होत." थकली असेल.

७ मे

वसईला पाथरवटाकडे गेले. वाक्य बदला म्हणून सांगायला. फक्त नावं ठेवा, वर 'स्मरणार्थ' पुरे.

वाक्य कोरून झालंय. नावं अजून येत होती, वेळ फुकट जायला नको म्हणून त्याने वाक्य आधी घेतलं. ठसठशीत. काळा रंग भरायचा तेवढा बाकी. बघत उभी राहिले. पुसता येईल का विचारलं – वेड्यासारखं.

म्हणाला, "बाई, शाळेचा फळा नाय हा."

१० मे, रविवार

काल संध्याकाळी कन्फेशनला गेले. सांगायचंच ठरवून. जाळीपलीकडे फादर आग्नेल – तिशीतला मुलगा, मीच त्याला प्रार्थना पाठ करून घेतली होती. मी सांगितलं, रागीट आहे, शब्द टोचणारे वापरते. नेहमीचंच. तीन नमो मरिया मिळाल्या. म्हटल्या. घरी आले.

ही बाई पस्तीस वर्षं मुलींना खरं बोलायला शिकवत होती. खोटं बोललेलीला बाकावर उभी करत होती. मला आठवतंय त्यांतली एकेक.

पण वाचनाच्या वेळी सांगायचं. गुरुवारी चौदा तारीख. इथे त्याची कबर नाही. दोन नोव्हेंबरला सगळं गाव दफनभूमीत जाऊन कबरी सजवतं, मेणबत्त्या लावतं. आम्हांला पप्पा-आईंच्या कबरीवर लावून परत यायचं. म्हणून त्याच्यासाठी चौदा मे. दुपारी चारला टेबलावर त्याचा फोटो, मेणबत्ती, आणि पाची पत्रं मी वाचायची. आई गेल्यापासून आम्ही दोघीच. वहिनीला सगळी पाठ आहेत, माझ्याबरोबर तिचे ओठ हलतात. म्हणूनच तर मला एक शब्द इकडचा तिकडे करता आला नाही.

ह्या गुरुवारी पाचवं पत्र जसं आहे तसं वाचायचं. बळीराम येण्याआधी. तिला ते माझ्या तोंडून कळलं पाहिजे, त्याच्या नाही. ती काय म्हणेल ते म्हणो. घर सोड म्हणाली तर सोडीन.

१२ मे

सुकेळी झाली. वहिनीने चार लहान पुड्या बांधल्या. एक बळीरामला देऊ म्हणाली. मी चमकले. मी त्याचं नाव फक्त यादीत लिहिलं होतं, कोण ते तिला सांगितलं नव्हतं. म्हणाली, "फर्डिनंड बोलला. ह्यांच्या कंपनीतला म्हणे. तू चांदीपला जाऊन आलीस ना? काय म्हणाला?"

गुडघे गेलेत म्हणाला, असं सांगितलं.

१४ मे, गुरुवार

लिहिते.

चारला बसलो. तिने निळी साडी नेसली होती, फोटोपुढे मोगरा. मेणबत्ती मी लावली. बिस्किटांचा डबा तिने उघडला. पहिलं पत्र, दुसरं, तिसरं, चौथं. आवाज चांगला लागला होता. तिचे ओठ हलत होते, नेहमीसारखे.

पाचवं हातात घेतलं तेव्हा तिने खुर्ची माझ्याजवळ सरकवली. चष्मा लावला – नेत्रशिबिरात मिळालेला. चष्मा कशाला, म्हटलं. म्हणाली, "त्यांचं अक्षर बघते." आणि कागदावर बोट ठेवलं. पहिल्या ओळीखाली. मी वाचते तसं बोट सरकत होतं.

चार ओळी. मग मी थांबले.

आत्ता. आत्ताच. 'पप्पा, मला आता गाडी चालवत नाही' – एवढंच म्हणायचं होतं. पुढचं आपोआप आलं असतं. मी श्वास घेतला. तिच्याकडे बघितलं नाही, फोटोकडे बघितलं.

आणि म्हणाले – 'माझी काळजी करू नका. मी इथे आनंदात आहे.'

शेवटपर्यंत वाचलं. सुकेळी, कंपनी, साहेब. सगळं. तिचं बोट पाचव्या ओळीवर होतं तिथेच राहिलं. ओठही हलत नव्हते. मला वाटलं दमली.

"एवढंच?" म्हणाली.

"एवढंच."

मेणबत्तीचं मेण टेबलावर आलं होतं, ते ती नखाने काढत राहिली. मग म्हणाली, "उर्सुला, आणखी एकदा वाचतेस? पाचवंच."

मी पुन्हा वाचलं. शब्द न शब्द तसंच. न अडखळता.

तिने चष्मा काढला. पत्राची घडी घातली, डब्यात ठेवलं. "चहा टाकते," म्हणाली, आणि आत गेली.

१५ मे

नाही सांगितलं. आता सांगणार नाही. हे मला कळलं आहे.

१६ मे, शनिवार

पाटी आली. गोणपाटात गुंडाळून मैदानाच्या तोंडाशी उभी केली आहे. फर्डिनंड ओरडून गेला – टीचर, फर्स्ट क्लास झालीय!

उद्या बळीराम येईल, वहिनीशेजारी बसेल. तो बोलला की ती पत्र कुणाकडून तरी वाचून घेईल. सुझानकडून. फादरकडून. म्हणून ठरवलं – पत्र राहायलाच नको. वहिनी बायकांबरोबर हार करायला चर्चमध्ये गेली. डबा उघडला. काडेपेटी शेजारी ठेवली.

पाची पत्रं होती. पाचव्याच्या घडीत रेघांच्या वहीचं एक पान. पेन्सिलीने. मोठं अक्षर, सही करते तसंच.

'अहो,
तुमचं पत्र आज वाचलं. फार उशीर झाला. पाठ होतं म्हणून वाचायला तेच घेतलं. जुळेना. वाटलं मलाच वाचता येत नाही. महिनाभर रोज वाचलं.
पप्पा आता नाहीत. अर्ज मी करते. फादरची सही आणते. तुम्ही या.
सुकेळी पोचली नाही ते आज कळलं. आता पाठवणार नाही.
सेलिन
२ नोव्हेंबर १९७९'

त्यानंतर मी तिला ते पत्र तीनदा वाचून दाखवलं. गेल्या वर्षी एकदा. परवा दोनदा – दुसऱ्यांदा तिने मागितलं म्हणून.